कुणी

फौजदार हलगेकर तंबाखूला चुना लावत सांगायचे,
लिही.
मी मोडीत लिहायचो. बोरू किरकिरायचा.

त्या सालच्या मार्गशीर्षात पलटणीला
तीनशे सात गाड्या हव्या होत्या, बैलांसकट, माणसांसकट,
वेंगुर्ल्याच्या बंदरापर्यंत आणि तिथून पुढं
समुद्रापलीकडं, हबशांच्या मुलखात,
जिथं कोणाचं कोणाशी भांडण होतं
ते बेळगावच्या बाजारात एकालाही ठाऊक नव्हतं.
गाडीवान चार दिवस म्हणत होते, येणार नाही.
कणबर्गीचे म्हणत होते, बरूदिल्ला.
फौजदारांना दोन्ही भाषा येत,
म्हणून त्यांना नकार दोनदा ऐकावा लागे.

शनिवारी पहाटे किल्ल्याच्या खंदकाकडेला
गाड्यांची रांग उभी, हुकमाप्रमाणं.
पहिली जुंपली. चार पावलांवर
उजवं चाक निसटलं, डुलत डुलत गेलं
आणि साहेबाच्या घोड्यापुढं
दमलेल्या म्हशीसारखं आडवं झालं.
दुसरी. तिसरी.
रात्रीत कुण्या काढलेल्या.
बोटभर लोखंड ते. त्याच्यावाचून चाक म्हणजे नुसती परात.

साहेब त्याच्या भाषेत ओरडला.
दुभाष्यानं आमच्या भाषेत विचारलं, कुणी काढली?
गर्दीतून एक म्हातारी म्हणाली,
व्हय की बा. कुणीच काढली.
अन् अख्खा खडेबाजार हसला,
इतका, की शिपायांना पगडीखाली घाम फुटला.

हसण्यापर्यंत ठीक होतं.
मग कोणाच्या तरी ओच्यातली पहिली कुणी
कचेरीच्या काचेवर आली. मग दुसरी.
मग मोजायची सोय राहिली नाही.
कुठं नेऊलासा रं आमच्या पोरास्नी,
असं एक बाई सारखी विचारत होती,
दगड हातात, पण फेकत नव्हती.
एक कुणी फौजदारांच्या भुवईवर बसली.
रक्त मिशीत उतरलं.
शिपायांनी बंदुका उचलल्या.
फौजदार म्हणाले, खाली.

एवढंच. खाली.
नळ्या खाली घ्या, असं म्हणायचं होतं मला,
हे ते पुढं तीस वर्षं सांगत राहिले,
पेन्शनीत, दाढी करताना, तापात.
हवालदार येसबाला वाटलं, नेम खाली धरा.
एकच बार.
वडगावचा बनप्पा, कोष्ट्याचा पोर,
मागाची पावडी ज्या पायानं दाबायचा
त्याच पायाकडं वाकून बघत राहिला,
जणू धागा तुटलाय
आणि आता जोडायचा आहे.

संध्याकाळी आम्ही दोघं कंदिलात कुण्या वेचल्या.
गोणपाटावर दहा-दहाचे ढीग.
सहाशे अकरा.
बारावी त्यांच्या खिशात होती, डागाळलेली.
गाडीला दोन, असं त्यांनी भागून पाहिलं.
तीनशे सहा.
पुन्हा मोजल्या.
तेवढ्याच.

एक गाडी शाबूत होती. हलग्याची,
त्यांच्या धाकट्या भावाची.
फौजदाराची गाडी म्हणून हात लावायचं धाडस झालं नाही,
की मुद्दाम सोडली, बघू या म्हणून,
हे मी विचारलं नाही.

अहवालात रकाना होता, कृत्य कोणाचे.
बोरू धरून मी थांबलो.
लिही, कुणी.
कुणी म्हणजे, रावसाहेब?
जे निघालं ते.
वरच्या नकलेत त्याचं अज्ञात इसम झालं
आणि अज्ञात इसमावर पन्नास रुपये इनाम लागलं.

रविवारी पहाटे एकच गाडी निघाली,
साहेबाच्या दोन पेट्या घेऊन.
पुढं निंगोजी, कांबळं डोक्यावरून घेतलेला.
फौजदार चाकापाशी वाकले.
मला वाटलं, काढतायत.
त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिली,
घट्ट आहे का.
निंगोजीनं मान वळवली नाही.
बैलाची शेपटी पिरगाळली.