मोटर येईपर्यंत

शिलाई मशीनची मोटर जळाली, भर लग्नसराईत.
पायाने चालवावं तर गुडघे नको म्हणतात.
नवी कोल्हापूरवरून येणार, आठ दिवस धरा, म्हणाला दुरुस्तीवाला,
आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा
मी दुकानाला कुलूप लावून
वेंगुर्ल्याच्या बाजारातून रिकाम्या हातांनी चालत निघाले.
हात कुठे ठेवायचे तेच कळेना.

वाचनालयात गेले ते पंख्यासाठी, खरं सांगते.
कादंबरी निवडली ती जाडी बघून.
मग घरामागे फणसाच्या सावलीत, चटईवर पालथी,
एका हातात पान, एका हातात रायवळ.
रायवळ आंबा सभ्यपणे खाता येत नाही,
तो कोपरापर्यंत येतो.
एकशे बाराव्या पानावर ती बाई होडीत चढली
आणि तिच्या पदरावर माझा रस सांडला.
पुसताना दिसलं, मी पहिली नव्हते:
आधीच्या पानांत कुणाच्या सोलकढीचा गुलाबी थेंब,
एक हळदीचं बोट,
आणि एका ओळीवर माशाचा खवला,
सुकलेला, अभ्रकासारखा चमकणारा.
ही गोष्ट आमच्या गावाने जेवता जेवता वाचलेली.

शनिवारी शाळेच्या मैदानात पडदा लावला.
पुढे गर्दी आणि घाम. मी मागच्या बाजूला बसले, वाऱ्यात,
ओच्यात मीठ लावलेल्या आठळ्या.
मागून सिनेमा उलटा दिसतो.
नायक डावखुरा होतो,
त्याच्या शर्टाची काजं बायकांच्या बाजूला जातात.
अख्ख्या मैदानात हे फक्त मला कळलं
आणि मी हसले, नेमकी त्याची आई मरत असताना.

शेवटचं पान नव्हतं पुस्तकाला.
म्हणजे ती किनाऱ्यावरून मागे वळून बघते
आणि पुढे पुठ्ठा.
पुठ्ठ्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नावं होती, तारखा होत्या.
मी गेले. मला दुसरं काम काय होतं?
फेलिसीना आल्मेडा तिसऱ्या फोडत होती विळीवर.
"बुडता गो ती," म्हणाली, मान वर न करता, "सरळ बुडता."
आणि वाटीभर तिसऱ्या बांधून दिल्या.
निवृत्त पोस्टमन केळुसकर म्हणाले, छे, परत येते,
घरी सगळे जेवायला थांबलेले असतात.
त्यांच्याकडे त्या दिवशी रस-शिरवाळे होते.
मला वाटतं, शेवट त्यांनी
समोरच्या ताटावरून सांगितला.

सातव्या दिवशी देवळात गाणं.
गवई सावंतवाडीचा, झब्बा बगलेत उसवलेला.
प्रत्येक तानेला दोन टाके आणखी सुटत होते
आणि माझी बोटं मांडीवर
नसलेली सुई ओवत होती.
तेवढ्यात लाइट गेली.
तो थांबला नाही. तबलेवाला अंधारात एकदा चुकला, मग सापडला.
कुणीही मोबाइल पेटवला नाही.
झब्बा दिसेना तेव्हा कुठे मला गाणं ऐकू आलं,
आणि शेजारच्या आंब्याच्या आढीचा वास,
आणि लांबवर, भरती की ओहोटी कोण जाणे.

मोटर एसटीच्या पार्सलने आली, ठरल्या दिवशी.
बसवली नाही लगेच.
पुस्तकाची शिवण सैल झाली होती, ती हाताने घातली,
चाळीस नंबरचा दोरा, दुहेरी,
आणि शेवटी वहीचं एक कोरं पान त्यात धरलं.
वाचनालयातल्या परबबाईंनी डाग बघितला. चष्मा वर केला.
"रायवळ?"
"होय."
"दोन रुपये."
दिले.
कोऱ्या पानाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.
बाहेर ऊन असं, की सावलीसुद्धा भिंतीला चिकटून चाललेली,
आणि दुकानापाशी तीन नवऱ्यामुलींच्या आया
माझ्या नावाने खडे फोडत उभ्या.