खरं

शहापुरात कोरे गल्लीच्या तोंडाला आमचं ट्रेडल मशीन.
एका भिंतीला मराठीचे खण, समोरच्या भिंतीला कन्नडचे,
तिकडं ईरण्णा, इकडं मी,
मधे चाळीसचा एकच बल्ब.

त्या साली म्युन्सिपाल्टीची निवडणूक
आणि मुचंडीकर सरांचं गाईड एकदमच आलं:
बी.ए. भाग दोन, अमेरिकेचा इतिहास.
सर म्हणाले, घाई आहे.
होनगेकरांचा माणूस म्हणाला, घाई आहे.
कडोलकरांचा तर स्टुलावर बसूनच राहिला,
चप्पल न काढता.

दोघं पुढारी एकाच समितीचे. परवापरवापर्यंत
एकाच पानपट्टीवर उधारी.
आता एक गणपत गल्लीच्या या कडेनं जायचा,
दुसरा त्या कडेनं.
आणि सरांच्या बारीक अक्षरातून मी जुळवत होतो:
फिलाडेल्फिया, पक्ष नुकते जन्मलेले,
मित्र मित्राला बघून रस्त्याची बाजू बदलतोय.
मी स्टिक खाली ठेवली.
सर, ही गणपत गल्ली तिकडं कधी गेली ओ?

एक पक्ष म्हणे इंग्लंडचा हस्तक,
दुसरा फ्रान्सचा.
होनगेकर बेंगळूरचे हस्तक, कडोलकर मुंबईचे.
‘हस्तक’ मी सुतळीनं बांधूनच ठेवला,
या फर्म्यातून उचलायचा, त्या फर्म्यात ठेवायचा.
अर्धा स तेवढा झिजला.

आमच्याकडं ‘पण’ म्हणत नाहीत, ‘खरं’ म्हणतात.
येतो म्हणालता, खरं आला नाही.
परगावच्याला वाटतं, शपथ घालतोय.
सरांनी कोल्हापुरात शिकून पानोपानी ‘पण’ लिहिलेला,
माझा हात आपोआप:
केंद्राचा हात बळकट पाहिजे, खरं
राज्यांना आपलं तोंड पाहिजे.
सगळ्यांचं कर्ज एकानं घ्यावं, खरं
ज्यानं आपलं फेडलं त्यानं पुन्हा का भरावं?
एक्केचाळीस ठिकाणी.
सर लाल पेन्सिल घेऊन प्रूफावर बसले,
चहा निवला, साय धरली.
एकही खोडला नाही.

ईरण्णा पलीकडून म्हणाला, हौद, खरे.
त्याच्या भाषेतही तो शब्द आहे,
कुणी कुणाचा उचलला
ह्याच्यावर अजून मोर्चा निघालेला नाही.

पान बावन्न. राजधानी कुठं बांधायची
ते एका रात्रीच्या जेवणात मिटलं.
जेवायला किती होते, सर?
तिघं.
आणि वाढायला?
सरांनी चष्मा काढला, पुसला.
गुलाम असणार, म्हणाले. ते सिलॅबसला नाही.
मी पान बांधलं.
माझी बहीण चंदगडला दिलेली, एका बसच्या अंतरावर,
परराज्यात.
आमचं कुठल्या जेवणात ठरलं,
भाजी कसली होती,
कोण ताटं उचलत होतं, देव जाणे.

कडोलकर अकरा मतांनी आले.
होनगेकर गुलाल उधळायच्या आत,
पहाटेच्या पहिल्या गाडीनं लेकीकडं गेले.
त्याच सकाळी माझ्या स्टिकमध्ये
हरलेला अध्यक्ष पहाटे चारला
बग्गीत बसून गाव सोडत होता,
नव्याची शपथ बघायला न थांबता.
दगड नाही, बंदूक नाही, खुर्ची रिकामी.
सर म्हणाले, हे ठळक टाइपात घे.
ठळकमध्ये ‘ख’ नव्हता शिल्लक,
सगळे कडोलकरांच्या आभाराच्या पत्रकात.
साध्यातच घेतलं.

नंतर सोडणी. अक्षरं आपापल्या खणात.
‘हस्तक’ची सुतळी सोडली तेव्हा
ह कुठल्या पक्षातनं आलता, कळेना.

पुढच्या साली अभ्यासक्रम बदलला.
तीनशे प्रती किलोवर गेल्या.
परवा कुंदा बांधून आणला, तर पान बावन्न,
तुपानं आरपार झालेलं;
त्या बाजूचं ह्या बाजूला दिसत होतं,
ओळी एकमेकींवर चढलेल्या,
वाचता येत नव्हतं काही
खरं