नॉब

ग्वाल्हेरचा मे. बाहेर सेहेचाळीस,
आणि शर्वाणी म्हणते, बाबा, थंडी वाजतेय.
कपाळ तवा, पावलं बर्फ.
दौलतगंजात एकवीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतोय मी,
थंडी कुठून येते ते मला कळायला हवं होतं.

मग डोळे वर गेले.
दातखीळ. हातपाय उघड्या तारेला चिकटल्यासारखे.
शितोळेकाकू कांदा घेऊन धावल्या,
कुणी चमचा, कुणी चप्पल.
बायकोनं सगळ्यांना मागे लोटलं,
पोरीला कुशीवर वळवलं.
मी घड्याळ बघत राहिलो. दुसरं काय येतं मला?
एक मिनिट पन्नास सेकंद.
एवढ्या वेळात मी रिले बदलतो.

डॉक्टर भदौरियांनी औषधाच्या चिठ्ठीमागे एक गोल काढला.
मेंदूत असा नॉब असतो, सदतीसच्या आसपास लावलेला.
जंतू शिरले की शरीरच तो वर फिरवतं.
मग सदतीसही गार वाटतं, म्हणून ती कापत होती.
आणि झटका?
कोवळा मेंदू. तापात कधी ठिणगी उडते.
याच पोराला का, ते पुरतं कळलेलं नाही.
बहुतेक मुलं मोठी होता होता यातून सुटतात.

बहुतेक.

गिऱ्हाइकांना मी रोज हेच सांगतो,
मशीन ठीक आहे, नॉब तेवढा कुणी फिरवलाय.
पटत नाही त्यांना. उभे राहतात.

पहाटे तिला दरदरून घाम फुटला.
पाय माझ्या पोटावर. कोमट.
स्वयंपाकघरात फ्रिज थरथरून थांबला.
मी उठून बसलो.