शब्द क्रमांक दोनशे एकोणपन्नास

काओलाकच्या इस्पितळामागच्या खोलीत
आज मी मेणाचे ठोकळे मोजतोय.
डॉक्टर दिबोर न्गोम शुक्रवारी निवृत्त झाल्या.
किल्ल्या माझ्या हातात ठेवून म्हणाल्या,
"लातीर, उंदरांपासून जप.
दुसरं कुणी यांना मागायला येणार नाही."

एकेका ठोकळ्यात यकृताचा एक तुकडा,
सुईनं ओढलेल्या दोऱ्याएवढा.
काळीज म्हणतात ते हेच, खाटकाला विचारा;
कवी भलतीकडेच हात ठेवतात.
माझं काम काप काढायचं:
केसाहून बारीक, कोमट पाण्यावर तरंगणारे,
श्वास सोडला तरी दुमडणारे.
तीस वर्षं मी श्वास रोखून बसलो,
आणि त्या बघत बसल्या. जांभळं, गुलाबी.
डावा डोळा भिंगाला, उजवा उघडाच,
गालात एक शेंगदाणा, न चावलेला.

आधी सगळे म्हणायचे, दारू.
पण येणारे पाच वेळचे नमाजी, थेंबाला न शिवलेले.
पस्तिशीचे, चाळिशीचे.
डोळे हळदीचे, पोट नगाऱ्यासारखं,
हातापायांच्या काटक्या.
घोडागाडीवर यायचे
पोत्यांच्या जागी आडवे होऊन.

त्यांनी मला गावोगावच्या कोठारांत धाडलं.
"चांगली पोती नकोत. कोपऱ्यातली आण,
भिंतीला टेकलेली, पावसात ओल धरलेली."
माझ्या बापानंही एक दिलं, हसत हसत:
"एवढी शिकलेली बाई, आणि खवट दाणे मागते!"
पोत्याचं तोंड सोडलं तर
हिरवट भुकटी उडाली, आणि मला शिंक आली.

बुरशी एकटी नव्हती.
काविळीचा विषाणू लहानपणीच घुसून
रक्तात मांडी ठोकून बसलेला.
दोघांनी मिळून काय केलं ते कळायला
नमुने बर्फात घालून विमानानं पाठवायचो.
उत्तराला सात महिने.
कधी बर्फच वितळायचा, मग उत्तरही नाही.

शेवटी एक कागद आला.
पेशीवर पहारा ठेवणारं एक जनुक,
त्यातला दोनशे एकोणपन्नासावा शब्द,
शब्दात अक्षरं तीन,
तिसरं बदललेलं.
ध चा मा.
कारस्थान कुणाचंच नाही.
ओल होती, आणि घरात खायला तेच होतं.

डॉक्टरांनी त्या दिवशी चहाची तिसरी फेरी होऊ दिली,
साखरेची, एरवी दुसरीवरच उठायच्या.
पुढे परदेशात वीस मिनिटं बोलून आल्या.
पहिला प्रश्न आला, नमुने इतके थोडे का?
"मी म्हटलं, लोक सुईपर्यंत पोचतच नाहीत,"
एवढंच सांगितलं, आणि कोट खुंटीला अडकवला.

९६/३१८.
हा काप मीच काढला होता.
रजिस्टर मी बघत नसे, त्या बघत.
संध्याकाळी त्यांनी काचा स्वतः धुतल्या
आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या,
"उद्या येऊ नकोस. गावी जा."
गाडीत बसेपर्यंत मला कळलं नाही.

माझा बाप अंगठेबहाद्दर.
आयुष्यात त्याचा एकच शब्द कुणी वाचला,
तोही चुकलेला.
तिसऱ्या तक्त्यात सत्ताविसावी ओळ आहे:
पुरुष, बावन्न, शेतकरी, बदल आढळला.
पोत्याचा उल्लेख दुसऱ्या पानावर, आभारांशिवाय.
हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं.
त्या गप्प राहिल्या. पुढच्या निबंधात
गावांची नावं छापून आली, सगळीच्या सगळी.

भिंतीपलीकडे बाळंतिणींचा वॉर्ड आहे.
आता पहिल्याच दिवशी लस टोचतात,
त्यामुळे सकाळभर रडारड.
डॉक्टर काम थांबवून ऐकायच्या,
मग म्हणायच्या, "दार लाव, लक्ष लागत नाही."
दार मी कधी पूर्ण लावलं नाही.

चार हजार एकशे बारा भरले. दोन फुटलेले.
९६/३१८ मी वेगळा काढला नाही.
तो ३१७ आणि ३१९ च्या मध्येच आहे.
३१९ एक बाई, सव्वीस वर्षांची.
तिचं कुणी इथे कामाला नव्हतं.