वहीतले पौंड

पहिल्या साली चोपन्न.
वहीत तसंच लिहिलंय, निळ्या शाईत :
मुरोओका चिहारु, दोन रॅकेटी, दुपारी तीनच्या आत.
नाव वाचता येईना म्हणून तिनंच बोट ठेवून
एकेक अक्षर म्हणून दाखवलं,
आणि माझं विचारलं.
बिभीषण, म्हणलं.
बिबिशान-सान, म्हणली, अन् कमरेत वाकली.
आमच्या घनसावंगीत मला आजवर
कुणी वाकून हाक मारली नव्हती.

बाप बाजा विणायचा.
पायत्याच्या दोरीला टाच लावून असा ओढायचा
की लाकूड करकरायचं.
मी मशीनवर ओढतो, संभाजीनगरात,
कोर्टाच्या मागं, मांडवात.
तातीला टिचकी मारून कान देतो,
बाप द्यायचा तसाच.

तेव्हा ती दुहेरीत एकशे एकाहत्तर.
एकेरी सोडलेली, गुडघ्यापायी का पैशापायी,
ते विचारण्याइतकं इंग्रजी
दोघांकडंही नव्हतं.
जोडीला एक उंच कोरियन. जिंकल्या.
साहेबांचं भाषण संपेस्तोवर
दोघी उन्हात उभ्या, करंडक धरून.

परत आली ती पाच वर्षांनी.
मधलं मला एवढंच ठाऊक :
एकदा त्र्याऐंशीपर्यंत चढली,
लंडनच्या गवतावर एक सामना,
छप्पन्न मिनिटं.
जोडीदारणी एकवीस.
कुणाचं लग्न, कुणाचा खांदा,
कुणाला हिच्याहून बरी मिळाली.
हे सांगताना ती हसली.
एक्कावन्न, म्हणली.
मी वहीतलं चोपन्न दाखवलं.
तिनं खांदा दाखवला.

गेल्या डिसेंबरात अठ्ठेचाळीस.
त्या आठवड्यात नळाला पाणी नवव्या दिवशी.
कोर्ट धुवायला टँकर आला
तर गल्लीतल्या बाया घागरी घेऊन फाटकाशी.
ती सरावातून निघालेली, बघत राहिली.
मग हातातली अर्धी बाटली
बॅगेत ठेवली, फेकली नाही.

जोडीदारीण व्हिसात अडकलेली.
नाव द्यायला दहा मिनिटं राहिली तेव्हा
नांदेडची स्नेहांकिता वाघमारे, वय सतरा, बाप एसटीत कंडक्टर,
हिच्याशेजारी कागदावर सही करून मोकळी झाली.
लग्नासारखंच, पण आठवड्यापुरतं.

दुहेरीत जाळीपाशी उभी असलेली
पाठीमागं हात नेऊन खूण करते.
मूठ म्हणजे मी इथंच.
उघडा पंजा म्हणजे मी पलीकडं झेपावते,
माझी जागा तू बघ.
समोरच्यांना दिसत नाही.
आम्हां मागच्यांना सगळं दिसतं.
पहिल्या दिवशी पोरगी खूण बघायच्या नादात
चेंडू उडवायचाच विसरली.
तिसऱ्या दिवशी बघेना,
तिला आधीच कळायचं.

उपांत्य फेरी. आठ-नऊ.
चिहारुनं हात मागं नेला.
सर्व्हिस गेली, आणि परतलेला चेंडू
दोघींच्या मधून,
सावकाश वाटावा इतका सरळ.

बक्षिसाचे दोन वाटे.
त्यातून हॉटेल, तिकीट, माझे चारशे.
वाकली. बिबिशान-सान.
आता तिच्या गावाकडं शाळेत
लहान लेकरांना शिकवते म्हणं.

परवा स्नेहांकिता आली तात बदलायला.
म्हणली, काका, त्या पॉइंटला पंजा उघडा होता.
मीच जागा सोडली नाही.
मी मागं उभा होतो.
हात नुसता कमरेवर टेकलेला,
दुखतं तिथं ठेवतात तसा.
नाही, म्हणली, उघडा होता.
मी म्हणलं, बरं. कितीवर ओढू?
अठ्ठेचाळीस.
अठरा वर्षांच्या खांद्याला अठ्ठेचाळीस!
काही बोललो नाही.
लिहून घेतलं.