गाडी देताना

चावीच्या कडीत दोन चाव्या आहेत, मॅडम.
एक गाडीची. दुसरी कशाची, मलाच आठवत नाही,
पण हरवू नका.

लायसन बघितलं. फोटोत तुम्ही हसलालाव.
आमच्या आरटीओत हसू देत नाहीत.
मॉरिशसलाही डावीकडनंच चालवतात म्हणालात,
म्हणजे निम्मं काम झालं.
उरलेलं निम्मं सोलापूर.

केवढं हो तुमचं बेट?
या टोकापासनं त्या टोकाला दीड तास?
मग पुढं पाणी?
रस्ता असा दीड तासात संपत असेल
तर माणूस पाचवा गिअर टाकतो कुठं?

तुमच्या गोल चौकात उजवीकडनं येणाऱ्याला आधी सोडतात.
बरोबर आहे. पुस्तकात आमच्याकडंही तेच.
पण सात रस्त्याला प्रत्येकजण कुणाच्या तरी उजवीकडं असतोय.
सगळ्यांना सोडत बसलात
तर परतीचं तिकीट तिथंच वाया जाईल.
नाक थोडं पुढं काढायचं.
गाडीचं. त्यावर राग नको.

हॉर्न म्हणजे शिवी नव्हे.
हॉर्न म्हणजे, आलो ओ.
दोनदा म्हणजे, आलो ओ मावशी.

संध्याकाळी विडी कारखाना सुटतो,
बायका बोलत बोलत रस्ता ओलांडतात.
बोलणं संपेपर्यंत थांबायचं.

आणि पाण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत गाडी घालू नका.
चार दिवसांनी नळ येतो, रस्ताभर नळ्या आडव्या.
नळीवरनं चाक गेलं तर पोलीस काही म्हणत नाही,
बाई म्हणते.
चहूकडं पाणी असलेल्या माणसाला
हे कसं सांगायचं, मला कळंना.

तिसऱ्या गिअरला खटका येतो, घाबरू नका.
ही गाडी म्हणजे माझे सहा लूम,
भंगारात किलोवर घातले.
इंजिन जरा चढलं की अजून मी ठेका मोजतो,
आणि तिसऱ्याला वाटतं, धोटा अडकला.

काय दाखवलालाव? चादर?
आजीची? तिकडं, एवढ्या लांब?
द्या बघू.
हं. कोपऱ्यात मोर, खाली तेलुगूत दोन अक्षरं.
हे वल्लमदासचं काम, अक्कलकोट रोडचं.
काठ बघा, एक धागा चुकलेला नाही.
पत्ता सांगतो, पण तिथं आता लॉन आहे,
लग्नं लागतात.
पार्किंग मात्र ऐसपैस.

तुमचं मराठी ऐकलालोय मघापासनं.
जुनं आहे, पण कडक भाकरीसारखं,
कितीही दिवस ठेवा, मोडतंय, विटत नाही.

तळ्यातल्या देवळाला जाल तर गाडी बाहेर लावा,
पुढं पायी. चपलाही बाहेरच.
ते आमचं बेट.
या टोकापासनं त्या टोकाला,
गुडघे दुखत असले तरी, दहा मिनिटं.
तिथं कुणाला लायसन लागत नाही.

पेट्रोल अर्धी टाकी देतोय, अर्धीच आणा.
आता ओरखडे बघून घ्या,
नंतर वाद नको.
पुढच्या दारावरचा माझा, लिहा.
आरशाखालचा माकडाचा, तोही लिहा.
मागच्या बंपरवरचा जावयाचा आहे.
तो लिहू नका.