मर्यादेत आहे

ऑरिन हॉगनने लांबट खोका काउंटरवर ठेवला
तेव्हा वजन न करताच मी लिहिलं, साडेअकरा पौंड.
तिसरी खेप होती.

पहिल्यांदा बोल्ट अडत होता;
कंपनीनं तेल लावून परत पाठवला.
मग नळी तिरकी निघाली. उत्तर आलं: मर्यादेत आहे.
कुणाच्या, ते लिहिलं नव्हतं.

चाळीस वर्षं या माणसानं ब्यूटच्या खाणीत
पाळण्यांचे वेल्ड तपासले.
केसाएवढी भेग दिसली की खडूची फुली,
आणि त्या फुलीपाशी अख्खी पाळी थांबायची.
ट्रक विकून घेतलेली ही रायफल.

एल्कचा हंगाम संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी
खोका परत आला. आत चाचणीचा कागद:
तीन भोकं, एका नाण्याखाली झाकतील अशी.
ऑरिननं चष्मा चढवून नंबर वाचला.
दुसऱ्याच रायफलचा.

तो चिडलासुद्धा नाही.
"म्हणजे माझा कागद कुणाकडे तरी गेला," म्हणाला,
"आणि तो बिचारा
चांगली बंदूक परत पाठवत बसला असेल."

मग खिशातून खडू काढला.
फुली इतकी मोठी, की पत्ताच झाकला.
मी पुसली नाही.
शेजारी नवं लेबल चिकटवलं.